घरघंटी बंद होती

सन दोन हजार सहाच्या ऑगस्ट महिन्यात, सिंगापूर बेटाच्या ईशान्येस नव्याने वसलेल्या सेंगकांग या वसाहतीत, एका सरकारी इमारतीच्या अकराव्या मजल्यावर पुढील हकिगत घडली. त्या वर्षी चिनी पंचांगात सातवा महिना दोनदा आला होता. आपल्याकडे अधिक मास यावा तसाच हा प्रकार; फरक इतकाच की चिन्यांचा सातवा महिना मृतांचा, आणि तो लांबल्यामुळे परलोकाचे दार त्या वर्षी दुप्पट काळ उघडे राहिले होते. संध्याकाळ झाली की इमारतीखालच्या गवतावर माणसे पत्र्याच्या डब्यांतून कागदी नोटा आणि कागदी कपडे जाळीत. राख तरंगत वर येई. दांडीवरच्या ओल्या कपड्यांवर तिचे काळे कण बसत आणि अनघा ते फुंकून उडवीत म्हणे, "अजून महिनाभर हेच चालायचं."

अनघेचे सासरे पद्माकर फडतरे, घरातले अण्णा, हे त्या राखेकडे पाहत बसत. ती पडताना आवाज होत नाही हे त्यांना ठाऊक होते, आणि म्हणूनच ते पाहणे त्यांना सुखाचे वाटे. तेवढी एक गोष्ट अशी होती की जी ऐकू न येण्यात त्यांचा काही दोष नव्हता.

बहिऱ्या माणसाच्या कानात शांतता असते, ही धडधाकट कानांच्या लोकांची समजूत आहे, आणि ती साफ चुकीची आहे. अण्णांच्या कानात चैत्रापासून ठोके पडत होते. कानाचे मशीन घातलेले असो वा डबीत काढून ठेवलेले असो, ठोके पडायचे ते पडत: दोन सलग, मग थोडे थांबून एक. कधी जेवताना, कधी दाढी करताना, कधी नुसते खिडकीशी उभे असताना. अण्णा मान वळवीत. मागे कुणी नसे.

याच महिन्याच्या आरंभी अनघा त्यांना मशीनची तपासणी करायला नोव्हेनाला घेऊन गेली. तिथल्या एका दवाखान्यात मिस लिम नावाची तरुण चिनी बाई कान तपासत असे. तिने अण्णांना काचेच्या दाराच्या छोट्या खोलीत बसवले, कानांवर टोप्या चढवल्या आणि हातात एक बटण दिले. आवाज ऐकू आला की बटण दाबायचे. अण्णा मोठ्या इमानाने दाबत होते. मध्येच मिस लिमने हात वर करून त्यांना थांबवले आणि दार उघडून अनघेला काहीतरी सांगितले.

"काय म्हणतीय ती?" अण्णांनी विचारले.

"अण्णा, ती म्हणते, अंदाजाने दाबू नका. खरंच ऐकू आलं तरच दाबा."

"ऐकू आलं म्हणूनच दाबलं."

"आवाज सोडलाच नव्हता तिने."

मिस लिम हसून म्हणाली, "नेव्हर माइंड, अंकल. वी डू अगेन." लहान मुलाचे गणित चुकावे आणि बाईंनी गोंजारून पुन्हा मांडायला लावावे, तसे ते हसू होते. अण्णांनी पुन्हा टोप्या चढवून घेतल्या. या खेपेस ठोका पडला तेव्हा त्यांनी अंगठा बटणापासून लांब धरला, आणि आपल्याला जे ऐकू येते ते खोटे म्हणून सोडून देण्याची ही पहिलीच वेळ आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. परतताना मेट्रोच्या गाडीत मशीन शिट्टी घालू लागले. समोरच्या बाकावरच्या पोरींनी वर पाहिले, अनघेने हळूच खूण केली, आणि अण्णांनी मशीन काढून खिशात टाकले.

ठोक्यांचे मूळ जुने होते. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, आपल्या गावी, अण्णांनी हयातभर पिठाची गिरणी चालवली. डिझेल इंजिनाचा पट्टा फिरू लागला की शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ओठांवरून वाचावे लागे. त्यांची बायको संजीवनीबाई. तिने उखाण्याबाहेर कधी नवऱ्याचे नाव घेतले नाही, आणि 'अहो' ही हाक इंजिनापुढे टिकायची नाही. तेव्हा तिने आपली हाक लोखंडाची केली. हातात असेल ते, उलथने, सांडशी, कडीचे कुलूप, ती दाराच्या चौकटीवर आपटायची: दोन सलग, मग थांबून एक. चौकटीला पाठ टेकून बसलेल्या अण्णांच्या कानांआधी पाठीला ते कळायचे. गिऱ्हाइके हसत. "फडतरे, बोलावणं आलं," म्हणत.

पुढे कान गेले. एकदम गेले नाहीत. चाळणीतून बारीक पीठ आधी गळावे तसे बारीक आवाज आधी गळून गेले. बांगड्या गेल्या, कुकरची शिट्टी गेली, नात श्रियाचे बोलणे गेले. मुलगा विश्वास सिंगापुरात एका ऑडिट कंपनीत होता. दुसऱ्यांच्या कंपन्यांचे हिशेब तपासणे हा त्याचा धंदा. गिरणी मोडून त्याने आईबापांना कायमचे इकडे आणले. येताना सामानाच्या पेटीत अण्णांनी एक घरघंटी घातली. फ्लॅटमध्ये एक खोली अशी होती की तिच्या भिंती जाड काँक्रीटच्या आणि दार पोलादी. युद्ध झालेच तर कुटुंबाने आत जाऊन बसावे म्हणून सरकारने ती प्रत्येक नव्या घरात बांधून दिली होती. लोक तिला बॉम्ब शेल्टर म्हणत आणि तिच्यात सुटकेसा ठेवीत. अण्णांनी तिच्यात घरघंटी बसवली.

मग दोघांचे काम पूर्ववत सुरू झाले. लिटिल इंडियातून ज्वारी, तांदूळ, डाळी आणायच्या. धुऊन चादरीवर वाळवायच्या. संजीवनीबाईंनी एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, अण्णांनी शेल्टरमध्ये दळायचा. भाजणीचे डबे महाराष्ट्र मंडळातल्या घराघरांत जात. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून दळताना पोलादी दार लावलेले असे. कानाचे मशीन अण्णा बाहेर हॉलमध्ये काढून ठेवीत, कारण पीठ त्याच्या नळीत बसून ते बंद पडे, आणि घरघंटीचा आवाज त्यातून करवतीसारखा डोक्यात शिरे. एक घाणा भाजून झाला की संजीवनीबाई उलथन्याने दार ठोकीत. पोलादाचा थरकाप अण्णांच्या पाठीला कळे.

चैत्रात एका दुपारी विश्वास आणि अनघा कचेरीत, श्रिया शाळेत असताना, अण्णांनी शेल्टरचे दार उघडले तेव्हा घरात धूर होता. हरभऱ्याची डाळ कढईत कोळसा झाली होती. संजीवनीबाई ओट्याखाली फरशीवर कुशीवर पडल्या होत्या. श्वास होता, शुद्ध नव्हती. उजव्या मुठीत उलथने होते. इस्पितळात त्यांच्या मेंदूत रक्त साकळल्याचे कळले, आणि त्या पुन्हा बोलल्या नाहीत. "आधी आणलं असतं तर?" विश्वासने विचारले होते. डॉक्टरने खांदे किंचित उचलले आणि सांगणे कठीण आहे असे म्हटले.

"घरघंटी चालू होती, शेल्टरचं दार बंद. कुणालाच ऐकू आलं नसतं." हे वाक्य प्रथम विश्वासने गावाकडे फोनवर उच्चारले, मग अनघेने मंडळातल्या बायकांना सांगितले, आणि होता होता ती घराची अधिकृत हकिगत झाली. अण्णांनी ती रचली नव्हती. त्यांनी फक्त ती खोडून काढली नाही.

घरघंटी बंद होती. ज्वारी दळून झाली होती, खटका बंद केला होता, आणि डाळ भाजून येईपर्यंत अण्णा स्टुलावर पाठीमागे भिंतीला टेकून बसले होते. दार उघडून बाहेर येता आले असते. ते आले नाहीत, कारण बाहेर आले की मशीन घालावे लागे, आणि मशीन घातले की दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहत, हसायचे कधी आणि मान हलवायची कधी हे ताडत बसावे लागे. शेल्टरमध्ये त्यांना कुणी काही विचारीत नसे. पिठाच्या उबदार वासात ते किती वेळ बसले, हे त्यांना स्वतःलाही सांगता आले नसते.

तरीही चार महिने त्यांच्यापाशी एक आधार होता. तिने हाक मारलीच कशावरून? पडतानाच शुद्ध गेली असेल. हा आधार पहिल्या सातव्या महिन्याच्या अखेरीस तुटला.

मंडळातल्या सविता वहिनींनी गणपतीसाठी भाजणी मिळेल का म्हणून संकोचत विचारले होते. अनघेला ते रुचले नाही, पण अण्णा म्हणाले, "करतो. हात गंजले माझे." श्रियाला बरोबर घेऊन ते लिटिल इंडियात गेले. शिधा पाठीवरच्या पिशव्यांत भरून दोघे संध्याकाळी परतली. इमारतीच्या तळमजल्यावर खांबांमधल्या मोकळ्या जागेत दगडी मेजे होती. तिथे अण्णा दम खायला टेकले. पलीकडे गवतावर त्यांच्या खालच्या मजल्यावरची मादाम टॅन कागद जाळत होती. ठेंगणी, वाकलेली, विधवा बाई. अण्णांना पाहून ती काठी टेकवून उठली आणि मेजापाशी आली.

"अंकल," ती म्हणाली, आणि पुढचे सगळे श्रियाकडे पाहून बोलली. अण्णांनी मशीनचा आवाज वाढवला. मोडक्या इंग्रजीतले शब्द त्यांना लागेनात.

"काय म्हणतीय?"

"वेट, आजोबा. तिला बोलू दे." श्रियाचा चेहरा आक्रसला होता. "ती म्हणते, आजीसाठीपण तिने पेपर जाळला. साडी मिळत नाही दुकानात, सो नॉर्मल ड्रेस जाळला. आणि ती सॉरी म्हणते."

"सॉरी कशाचं?"

"त्या दिवशी ती झोपली होती दुपारी. वरून नॉकिंग येत होतं. खूप वेळ. तिला वाटलं, तुमचं रोजचं काम. मग तिला राग आला." श्रिया थांबली.

"सांग."

"मग तिने झाडू घेतला आणि खालून सीलिंगवर मारला. स्टॉप कर म्हणून. मग वरून परत नॉक आलं. तिने परत मारलं. असं... दोन-तीनदा. मग वरचं थांबलं. तिला वाटलं, ऐकलं आपलं. शी डिडन्ट नो, आजोबा."

मादाम टॅनने हे भाषांतर समजल्यासारखी मान हलवली. कसे ते दाखवावे म्हणून तिने हाताची हाडकुळी बोटे वळवली आणि दगडी मेजावर ठोकून दाखवले. दोन सलग, मग थांबून एक.

अण्णांनी तिच्या हाताकडे पाहिले. इंग्रजी त्यांना लागत नव्हते, पण त्या ठोक्यांना भाषांतर लागणार नव्हते. संजीवनी हाक मारत होती. तिला उत्तरही मिळाले होते. फरशीच्या खालून, एका परक्या बाईच्या झाडूने. ते उत्तर कुणाचे आहे असे तिला वाटले असेल, हा विचार अण्णांच्या मनात आला आणि तिथून हललाच नाही.

"तिला म्हणावं, तिची काही चूक नाही," ते अखेर म्हणाले. मादाम टॅनने त्यांचा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरला. तिची बोटे राखेने काळी होती.

पुढचे दोन-तीन दिवस अण्णांनी एकट्याने काम केले. तांदूळ धुतले, चादरीवर पसरले, फिरवत राहिले. भाजताना त्यांना आच साधेना. धने करपले, ज्वारी कच्ची राहिली. अनघेने कचेरीतून आल्यावर कढईत पाहिले आणि पदार्थाला नाव न ठेवता गॅस बारीक केला. ठोके आता तासातासाला पडत. अण्णा हातातले उलथने कढईच्या काठाशी मुद्दाम आपटून पाहत, आणि कानातला ठोका व बाहेरचा ठोका यांत फरक काही आहे का ते तपासत. त्यांना तो सापडेना. फिर्यादी, आरोपी आणि साक्षीदार एकाच डोक्यात कोंडले गेले म्हणजे न्याय कसा व्हावा? साक्ष बाहेरचीच हवी.

रविवारी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी मुलाला सांगितले.

"विश्वास, दवाखान्यात कान तपासतात तसं इथं तपासायचं. मी शेल्टरमध्ये बसतो, मशीन घालून. दार लावून घ्या. स्वयंपाकघरातनं कुणीतरी फरशीवर ठोकायचं, मनाला येईल तेव्हा. मला ऐकू आलं की मी दारावर थाप मारीन. तू बाहेर उभा राहून बघ, माझी थाप ठोक्याला जुळतीय का."

"कशासाठी, अण्णा?"

"मला कळलं पाहिजे."

"श्रियानं मला सांगितलंय सगळं," विश्वास म्हणाला. "पण घरघंटी चालू होती. त्यात मशीन असलं काय, नसलं काय."

"मग ते तरी एकदा सिद्ध होऊ दे. तू लोकांच्या कंपन्या तपासतोस. बापाचा एक कान तपास."

अनघा कप विसळत होती. ती वळली. "अण्णा, मी स्पष्ट बोलते, रागावू नका. हे असलं काही घरात करायचं नाही. आई गेल्या. त्या शांतपणे गेल्या असं समजून आपण चाललोय. हे उकरून तुम्हांला काय मिळणार?"

"शांतपणे गेली नाही ती."

अनघेने कप पालथा घातला आणि हात पुसले. श्रियाला खाली मादाम टॅनकडे आधी सांगून ठेवायला पाठवण्यात आले, कारण या महिन्यात वरून पुन्हा ठोके आले असते तर ती म्हातारी भेदरली असती. उलथने घेऊन विश्वास फरशीवर उकिडवा बसला आणि त्याने एक ठोका मारून पाहिला.

"असं नव्हे," अण्णा म्हणाले. "ती बसलेली नव्हती. निजून मारायचा. पडल्या माणसाच्या हातात जोर किती असतो?"

"अण्णा," अनघा म्हणाली.

"आणि तू तर दाराशी पाहिजेस, विश्वास."

मग अनघेने ओढणी कमरेला खोचली, नवऱ्याच्या हातून उलथने घेतले आणि ओट्याखाली, त्याच जागी, उजव्या कुशीवर निजली. फरशीवर सांडलेली ज्वारी तिच्या केसांत अडकली. "दार लावा," ती छताकडे न पाहता म्हणाली.

पहिल्याने घरघंटी चालू केली. पोलादी दार लागले. अण्णांच्या कानांत घरघंटी करवतीसारखी फिरू लागली, डोळ्यांना पाणी आले. ते तळवा दारावर टेकून उभे राहिले. ठोका एकही आला नाही. आत होता तोही त्या गदारोळात दबला. बऱ्याच वेळाने विश्वासने दार उघडले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेली टवटवी होती.

"बघा, अण्णा. अनघाने जीव खाऊन ठोकलं. तुमची एकही थाप नाही. आणि मी इथे दाराशी होतो, मला माझे चांगले कान असून घरघंटीपुढे धड ऐकू येत नव्हतं. झालं समाधान? या बाहेर."

अण्णा हलले नाहीत. त्यांनी वाकून खटका बंद केला. जाते गुरगुरत थांबले.

"आता परत लाव दार."

"आता कशाला? त्या दिवशी तर घरघंटी..." विश्वासचे वाक्य तिथेच अडले. त्याने बापाकडे पाहिले. अण्णांनी नजर खाली घेतली नाही. विश्वासने एकदा घरघंटीकडे पाहिले, मग स्टुलाकडे. त्याच्या चेहऱ्यावरची टवटवी हळूहळू ओसरली.

"अण्णा, बंद होती?"

"दार लाव."

दार लागले. पोलाद चौकटीत बसल्याचा धक्का भिंतींतून फिरला आणि विरला. दिव्याखाली पिठाचे कण अजून तरंगत होते. मशीनमध्ये बारीक हिस्स असा आवाज होता, चुलीवर ओले लाकूड धुमसावे तसा. अण्णांनी तळवा दारावर ठेवला. मशीन काढूनही तपासावे असा विचार त्यांना शिवला नाही; त्या प्रयोगाचा निकाल चैत्रातच लागलेला होता.

ठक-ठक. ठक.

दूरचा, पायांखालून आल्यासारखा. अण्णांनी थाप मारली. मारली मात्र, त्यांना वाटले, हा आपलाच, डोक्यातला. तो बाहेरचा कशावरून? मिस लिमच्या काचेआडही तो असाच आला होता. तेव्हा बटण दाबले आणि ते खोटे ठरले. आताही तसेच होऊ दे, त्यांनी मनाशी म्हटले. बहिरा म्हणून ज्या ज्या माणसाने हिणवले त्या सगळ्यांशी ते उभ्या जन्मात भांडले होते. आज पहिल्यांदा आपले कान लबाड निघावेत असे त्यांना वाटत होते. दार उघडावे आणि पोराने चिडून म्हणावे, अण्णा, ठोका नसताना कसल्या थापा मारताय?

मग काहीच आले नाही. हिस्स चालू होते. शांतता इतकी लांबली की बाहेर सगळे उठून गेले असावेत असे वाटले. आत नेहमीचा ठोकाही नव्हता. चार महिन्यांत प्रथमच तो नव्हता.

ठक. एकच, दुबळा. हात थकल्यासारखा. अण्णांनी थाप मारली. पुन्हा लांब शांतता. मग दोन सलग, आणि अण्णांचा तळवा त्यांच्या मनाला न विचारता दारावर आदळला. मग पुन्हा एक, पुन्हा थाप. पुढे ते मोजेनासे झाले. ठोका येई आणि हात उठे. इंजिनाच्या काळातही इतक्या तत्परतेने त्यांनी कधी ओ दिली नव्हती. तळवा लाल झाला तरी ते थांबले नाहीत. बाहेरचे ठोके थांबले तेव्हा थांबले.

दार लगेच उघडले नाही. पलीकडे नवरा-बायको काही बोलत असावीत. पोलादातून शब्द येत नव्हते, फक्त अनघेचा स्वर चढला आणि तुटला एवढे कळले. मग कडी फिरली.

विश्वास उंबऱ्यात उभा होता. त्याच्या मागे अनघा फरशीवर उठून बसली होती, केस सुटलेले, उलथने मांडीत. ती नवऱ्याच्या पाठीकडे पाहत मान नकारार्थी हलवत होती.

"किती चुकल्या?" अण्णांनी विचारले.

विश्वासने ओठ ओले केले. खोटे बोलायची त्याची तयारी झालेली असावी, कारण त्याने एकदा तोंड उघडून मिटले.

"माझ्याकडे बघून सांग. आणि मोठ्यांदा सांग."

"एकही चुकली नाही," विश्वास म्हणाला. "मशीन कानात असतं तर तुम्हांला ऐकू आलं असतं, अण्णा."